३१ मार्चपूर्वी युनिट मोजा!
मालवण किनाऱ्यावरच्या वीजग्राहकांना कळकळीचं आवाहन

देवबाग, तारकर्ली, वायरीपासून सर्जेकोट, तळाशील, आचऱ्यापर्यंतच्या आणि मसुरे, चिंदर, पोईप, कट्ट्याच्या वाड्यावाड्यांतल्या बंधू-भगिनींनो,

हातातलं काम क्षणभर बाजूला ठेवा आणि घरातलं शेवटचं वीजबिल शोधून काढा. ग्राहकाच्या नावाखाली ‘दर संकेत’ असा रकाना असतो. तिथे ‘बीपीएल’ ही इंग्रजी अक्षरं छापलेली असतील, तर हे आवाहन तुमच्यासाठीच आहे. तुमच्या बिलावर ती नसतील, तर शेजारच्या म्हाताऱ्या काकींच्या बिलावर असण्याची शक्यता आहे. तेव्हा वाचा आणि त्यांनाही वाचून दाखवा.

वीज नियामक आयोगाच्या दरपत्रकात घरगुती ग्राहकांचे दोन भाग आहेत. पहिला ‘दारिद्र्यरेषेखालील’, म्हणजे बीपीएल. त्याचा युनिटचा दर सर्वांत कमी आणि महिन्याचा स्थिर आकारही कमी. दुसरा सर्वसाधारण घरगुती. पहिल्या भागात राहायचं तर एप्रिल ते मार्च या वर्षभरात वापर ३६० युनिटच्या आत हवा. मंजूर भाराचीही मर्यादा आहे, पण बहुतेक घरं अडकतात ती या ३६० वर. आर्थिक वर्ष संपलं की वापर तपासला जातो. आकडा ३६० च्या वर गेलेला दिसला की ग्राहक सर्वसाधारण वर्गात जातो, आणि दरपत्रकाच्या नियमानुसार एकदा तिकडे गेलेला ग्राहक पुन्हा बीपीएलमध्ये येत नाही. पुढल्या वर्षी त्याने फक्त २०० युनिट जाळले तरीही नाही.

दर स्वस्त होता तोवर कुणी युनिट मोजले नाहीत, आणि दर गेला तेव्हा कळलं ते बिल हातात पडल्यावर. मग चहाच्या टपरीवर तोच प्रश्न ऐकू येतो, “यंदा बिल एवढा कशाक इला?” तोवर वेळ निघून गेलेली असते.

इथे एक मोठा गैरसमज दूर करायला हवा. पुष्कळ जण समजतात की घरात पिवळं रेशनकार्ड आहे, म्हणजे विजेचा दर कायमचा स्वस्त. तसं नाही. महावितरणचा हा दर मंजूर भारावर आणि वर्षाच्या युनिटवर ठरतो. कार्ड कपाटात तसंच राहतं आणि दर मात्र हातचा निघून जातो.

दुसरा गैरसमज स्लॅबचा. सर्वसाधारण ग्राहकाचे १०१ युनिट झाले की सगळेच्या सगळे युनिट महाग होतात, असं गावोगाव सांगितलं जातं. तेही खरं नाही. २०२४-२५ मध्ये पहिल्या १०० युनिटना वीज आकार ४.७१ रुपये आणि त्यापुढच्या २०० युनिटना १०.२९ रुपये होता. त्यावर दोन्हीकडे युनिटमागे १.१७ रुपये वहन आकार. म्हणजे शंभराच्या पुढचा एक युनिट ११.४६ रुपयांना पडला, पण आधीचे शंभर ५.८८ रुपयांनाच राहिले. तिथे पायरीपायरीने चढायचं असतं. बीपीएलचं तसं नाही. तिथे एक युनिट जास्त झाला, तर पुढच्या सगळ्या वर्षांचे सगळे युनिट सर्वसाधारण दराने, वर शंभरीपार स्थिर आकार आणि त्या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क.

दर वरखाली होत असतात. २०२० ते २०२५ चा पाच वर्षांचा टप्पा ३१ मार्च २०२५ ला संपला. आयोगाने २८ मार्चला नवे दर जाहीर केले, २ एप्रिलला त्यांना स्वतःच स्थगिती दिली आणि २५ जूनला पुन्हा आदेश काढून १ जुलै २०२५ पासून दर लागू केले. असं पुढेही होत राहील. त्यावर तुमचा-आमचा लगाम नाही. पण आपण कोणत्या वर्गात राहायचं हे पुष्कळसं आपल्या हातात आहे, आणि वर्षातून एकदाच, मार्चअखेर, त्याचा निकाल लागतो.

३६० युनिट म्हणजे दिवसाला साधारण एक युनिट. हा एक युनिट किती छोटा आहे ते पाहा. ७५ वॅटचा जुना पंखा आठ तास चालला की ६०० वॅट-तास झाले. ९ वॅटचे तीन दिवे पाच-पाच तास, १३५. टीव्ही तीन तास, १८० धरा. बेरीज ९१५, म्हणजे एका युनिटला थोडं कमी. वर्षाचे होतात ३३४ युनिट. हाताशी उरले फक्त २६.

आता गणपती येतात. मुंबईहून चाकरमानी येतात, मुलंबाळं येतात. पडवीत, माजघरात, वरच्या खोलीत मिळून तीन जादा पंखे बारा-बारा तास फिरतात. दिवसाला २.७ युनिट, दहा दिवसांत २७. मखरावरची रोषणाई अजून धरलेलीच नाही, आणि वर्षाची सवलत तिथेच संपली. आलेल्या पाहुण्यांना पंखा लावू नका म्हणायचं का? मुळीच नाही. पण गणपतीत काय झालं ते आज मोजलं, तर मार्चमध्ये सावरायला जागा राहते. शिमगा अजून व्हायचा आहे हे विसरू नका.

म्हणून या आठवड्यात एवढं करा.

१. एप्रिलपासूनच्या बिलांवरचे युनिट एकाखाली एक लिहा. जुनी बिलं नसतील, तर चालू बिलावर मागच्या महिन्यांच्या वापराचा तक्ता असतो. महावितरणच्या ॲपवरही बारा आकडी ग्राहक क्रमांक घालून जुनी बिलं दिसतात.

२. बेरीज ३६० मधून वजा करा आणि ३१ मार्चपर्यंत उरलेल्या दिवसांनी भागा. रोज किती वापरता येईल तो आकडा खडूने मीटरशेजारी लिहा. कनेक्शन वर्षाच्या मध्येच मिळालं असेल, तर महिन्याला ३० युनिट या हिशेबाने मर्यादा धरा.

३. मीटर स्वतः वाचा. पडद्यावर आकडे फिरत असतात. ज्या आकड्यापुढे ‘केडब्ल्यूएच’ दिसतं तो आपला. बिलावरच्या ‘चालू रीडिंग’शी तो ताडून पाहा. मोबाइलवर तारखेसकट फोटो काढून ठेवा.

४. ‘चालू रीडिंग’च्या जागी ‘लॉक्ड’, ‘फॉल्टी’ किंवा ‘इनॲक्सेस’ असा शब्द दिसला, तर ते बिल अंदाजाचं आहे. घर बंद, कडीला कुलूप, मीटर आत, अशी घरं आपल्याकडे थोडीथोडकी नाहीत. अंदाजाचे युनिट तुमच्या ३६० मध्ये धरले जाऊ नयेत, यासाठी प्रत्यक्ष रीडिंग आताच नोंदवून घ्या. १९१२ वर फोन करा, शिवाय उपविभाग कार्यालयात अर्ज द्या आणि पोच घ्या.

५. घरातले सगळे स्विच बंद करा, मेन चालूच ठेवा आणि मीटरवरचा लाल दिवा पाहा. तरीही तो लुकलुकत असेल, तर वीज कुठेतरी गळते आहे. खारा वारा आणि चार महिन्यांची ओल यांनी किनाऱ्यावरचं वायरिंग लवकर सडतं. होल्डरवर हिरवट बुरशी, स्विचच्या पत्र्यावर गंज, चुन्याच्या भिंतीतून गेलेली जुनी कापडी वायर यांतलं काहीही दिसलं, तर परवानाधारक वायरमनला बोलवा. यात बिलाइतकाच जिवाचाही प्रश्न आहे.

६. माडांना पाणी देणारा पंप घराच्या मीटरवर असेल, तर अर्ध्या अश्वशक्तीचा पंप रोज तासभर चालवला तरी वर्षाला १८० च्या आसपास युनिट खातो. फ्रिज घ्यायचा विचार असेल, तर त्याच्या स्टार लेबलवर वर्षाच्या युनिटचा आकडा छापलेला असतो, तो आधी वाचा.

७. करायचा असेल तर एकच खर्च करा, पंखा बदला. ३० वॅटच्या आसपास चालणारा बीएलडीसी पंखा आठ तासांत २४० वॅट-तास घेतो. जुन्या पंख्याच्या तुलनेत वर्षाला १३० युनिट वाचतात. सवलत टिकवायला तेवढे पुरतात.

चाकरमान्यांना वेगळी विनंती. लालबाग-परळात, डोंबिवलीत, विरारला बसून आई-वडिलांचं बिल मोबाइलवरून भरणारे तुम्हीच आहात. रक्कम बघता, युनिट बघत नाही. पुढच्या वेळी बिल उघडाल तेव्हा बेरीज करा आणि गावी फोन लावा. शिमग्याला येताना मिठाईच्या जोडीला एक पंखा आणि चार एलईडी दिवे आणा. तेवढ्याने आईचा स्वस्त दर टिकेल.

पर्यटकांसाठी खोल्या चालवणाऱ्यांनाही सांगणं आहे. शेजारच्या घरातल्या किंवा आपल्याच आजीच्या मीटरवरून खोलीत वायर ओढू नका. दोन रात्रींचा एसी तिची वर्षाची सवलत घालवू शकतो. शिवाय घरगुती मीटरवर धंदा हा वीज कायद्याच्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरू शकतो, आणि तसा ठरला तर त्याची आकारणी दुप्पट दराने होते. आणि ३६० च्या आत राहायचं म्हणून कुणी तारेवर आकडा टाकू नये, मीटरला हात लावू नये. ती सरळ सरळ चोरी आहे, आणि पावसाळ्यात मरणही.

सवलत टिकवण्याला आणखी एक कारण आहे. २०२५ मध्ये राज्याने छतावरच्या सौरऊर्जेसाठी ‘स्मार्ट’ योजना आणली. एक किलोवॅटच्या संचाला केंद्राचे ३०,००० रुपये मिळतातच, त्यावर बीपीएल ग्राहकाला राज्याचे १७,५०० रुपये मिळतात. ग्राहकाच्या खिशातून जायचे ते जेमतेम अडीच हजार. बीपीएलमधून बाहेर पडलेल्याला राज्याचा हिस्सा कमी मिळतो. आज ज्यांचा वर्ग शाबूत आहे त्यांनी चौकशीला उशीर करू नये. एप्रिलमध्ये तुमचा वर्ग तोच असेल याची हमी कोणी देत नाही.

ज्यांची सवलत आधीच गेली आहे त्यांनीही निमूटपणे भरत बसू नका. ज्या वर्षीच्या वापरावरून वर्ग बदलला, त्या बारा महिन्यांचा तपशील लेखी मागा. त्यात अंदाजाची बिलं असतील, नादुरुस्त मीटर असेल, किंवा चार महिन्यांचं रीडिंग एका महिन्यात टाकलेलं असेल, तर दुरुस्ती मागा. महावितरणच्या तक्रार कक्षात दाद लागली नाही, तर वीजग्राहक तक्रार निवारण मंच आहे, त्याच्या वर विद्युत लोकपाल आहे. मंचापुढे जायला वकील लागत नाही. बिलाचा वाद असताना वीज तोडण्याची भीती दाखवली गेली, तर कायदा लक्षात ठेवा. कलम ५६ प्रमाणे तोडण्याआधी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, आणि मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम हरकत नोंदवून भरत राहिलात, तर वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही.

महावितरणकडे आणि आयोगाकडे आमचं मागणं साधं आहे. ब्रिटनमध्ये ठरावीक मुदतीच्या दराने वीज घेणाऱ्या घराला तो दर संपायच्या सहा-सात आठवडे आधी कंपनीने कळवावं, असा नियम आहे. आपल्याकडे वर्षाला ३६० युनिट वापरणाऱ्या घराला तेवढी तरी सूचना मिळावी. प्रत्येक बीपीएल बिलावर ‘एप्रिलपासून आजवर इतके युनिट, शिल्लक इतके’ एवढी एक ओळ छापा. ३०० युनिट झाले की मोबाइलवर मराठीत संदेश पाठवा. अंदाजाच्या युनिटवरून कुणाचा वर्ग बदलू नका. आणि दमट, उकाड्याच्या या किनारपट्टीवर दिवसाला एक युनिट ही मर्यादा आजच्या काळाला धरून आहे का, हे पुढच्या जनसुनावणीत तपासा. दर ठरवण्यापूर्वी लोकांच्या हरकती ऐकणं आयोगाला कायद्याने बंधनकारक आहे. हरकती पाठवणं हे आपलं काम.

शेवटची विनंती ग्रामपंचायत सदस्यांना, शिक्षकांना, आशाताईंना आणि बचतगटाच्या भगिनींना. गावातल्या बीपीएल वीजग्राहकांची यादी करायला एक संध्याकाळ पुरते. आठवी-नववीची मुलं बेरीज-वजाबाकी छान करतात. एका मुलाला दहा घरं द्या. ज्या घरात शिल्लक तीस युनिटच्या खाली आहे, त्यांच्याकडे मोठ्या माणसाने जाऊन बसावं आणि मार्चचा हिशेब समजावून सांगावा. जिथे वापर आधीच ३६० च्या वर गेला आहे, तिथे उगाच अंधारात बसायला सांगू नका. म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यावरचा पंखा बंद करून सवलत राखायची नाही. त्या घरांना नव्या दराचं बिल किती येईल ते आधीच सांगून ठेवा, म्हणजे एप्रिल-मेमध्ये त्यांची धांदल होणार नाही.

काम आजच सुरू करा. बिल काढा, बेरीज करा, मीटरचा फोटो घ्या, शंका असेल तर १९१२ लावा. ३१ मार्चनंतर केलेली बेरीज सवलत वाचवू शकणार नाही.

आपला,
किनाऱ्यावरचा एक वीजग्राहक