डाएटचा सल्ला : व्हिडिओ कॉलवर की दवाखान्यात?

व्हॉट्सॲपवर रक्ताचे रिपोर्ट पाठवायचे, वीस मिनिटांचा व्हिडिओ कॉल आणि संध्याकाळपर्यंत डाएट चार्टची पीडीएफ मोबाइलवर. करोनाकाळात रुजलेली ही पद्धत आता सवयीची झाली आहे. ती पुरेशी आहे का, यावर आहारतज्ज्ञांत दोन मते आहेत. आजार जुना असेल आणि औषधे सुरू असतील, तर पहिली भेट समोरासमोरच व्हावी, असे माझे मत आहे.

कॅमेऱ्याला काय दिसत नाही?

वजन घरीही करता येते. कमरेच्या घेराचा मात्र घोळ होतो. अनेक जण पँटचा नंबरच सांगून मोकळे होतात. भारतीय पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटीमीटर ही मर्यादा धरतात. त्याहून मोठी अडचण म्हणजे काटा वजन सांगतो, ते कशाचे हे सांगत नाही. किडनीच्या रुग्णाचे तीन किलो वाढले, तर ती चरबी की साचलेले पाणी, याचा अंदाज घोट्याजवळ बोट दाबून पाहिल्यावर येतो. मोबाइल कितीही मेगापिक्सेलचा असो, हे काम त्याचे नाही.

अशा रुग्णाला सरसकट ‘हेल्दी’ चार्ट महागात पडू शकतो. लो सोडियम मिठात बहुधा पोटॅशियम क्लोराइड असते. नारळपाण्यातही पोटॅशियम भरपूर. किडनी कमजोर असेल तर ते रक्तात साचते आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. इन्सुलिन घेणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता सोळा तासांचा उपवास धरला, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते.

मग ऑनलाइनचा फायदा काय?

स्वयंपाकघर! दवाखान्यात ‘तेल किती वापरता?’ असे विचारले की उत्तर ठरलेले, ‘थोडंसंच.’ व्हिडिओवर मात्र बरणी, चमचा, कढई सगळे समोर येते. पाच ग्रॅम तेलात सुमारे ४५ कॅलरी असतात, त्यामुळे चमचा लहान की मोठा, याने हिशेब बदलतो. शिवाय घरात फोडणी जो घालतो, त्यालाही कॉलवर घेता येते. अनेक घरांत रुग्ण एक आणि रांधणारी व्यक्ती दुसरी असते. दर पंधरा दिवसांनी रजा काढून, एसटीने जिल्ह्याच्या गावी जाणे परवडत नाही म्हणूनही पाठपुरावा सुटतो. तो ऑनलाइन टिकतो. निरोगी माणसाला दोन-चार किलो कमी करायचे असतील, तर सुरुवातही ऑनलाइन करायला हरकत नाही.

पैसे भरण्यापूर्वी

इन्स्टाग्रामवर नावापुढे ‘न्यूट्रिशनिस्ट’ लिहायला कुणी अडवत नाही. २०२१च्या संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या केंद्रीय कायद्यात आहारतज्ज्ञांचा समावेश आहे, पण प्रोफाइल तपासण्याचे काम सध्या तुमचेच. पदवी विचारा, इंडियन डायटेटिक असोसिएशनची ‘रजिस्टर्ड डायटिशियन’ नोंदणी आहे का तेही विचारा. आणि सुरू असलेल्या औषधांची यादी न मागताच चार्ट आला, तर तो पाळू नका.