दादीच्या ओढणीचा चांद

सासूबाई गेल्या, त्यानंतर नणंदेनं आणि मी मिळून त्यांचे कपडे गरजूंना द्यायला काढले. सगळे बांधून झाले, पण एक फिकट हिरवी सुती ओढणी धाकटीनं सोडलीच नाही. “अम्मी, ये मत दो,” एवढंच म्हणाली. सात वर्षांची पोर. रोज दादीच्या कुशीत झोपायची. आता तीच खोली, तीच भिंत आणि दादी नाही. रात्री दिवा मालवू देत नव्हती.

मी शिवणयंत्राखालची चिंध्यांची पिशवी तिच्यापुढे ओतली. ईदच्या कपड्यांमधून उरलेले तुकडे, थोरल्याचा जुना कुर्ता, उशीचे अभ्रे. म्हटलं, “चल, तुझ्या भिंतीसाठी काहीतरी करू.” आमच्या घरी भिंतीवर सजीवांची चित्रं लावत नाहीत. तिनं चांद, तारे आणि होडी ठरवली. चांद मात्र दादीच्या ओढणीचाच हवा होता.

मी कात्री उचलली आणि ती रडायला लागली. मी कात्री खाली ठेवली. ओढणीचं एक टोक इस्त्रीनं जळलेलं होतं. तेवढंच कापायचं, बाकीची ओढणी तिच्या उशाशी, असं ठरलं तेव्हा कुठे ती शांत झाली.

भगिनींनो, तुम्हालाही करायचं असेल तर कृती सोपी आहे. जाड जुन्या चादरीचे 45 सें.मी. रुंद आणि 65 सें.मी. लांब असे दोन तुकडे घ्या, एक पुढचा आणि एक अस्तराचा. सगळ्या चिंध्या आधी धुऊन इस्त्री करा. गडद रंगाचे कपडे वेगळे भिजवा, नाहीतर रंग उतरून पुढे डाग पडतात. आकार आधी कागदावर काढा. चांदासाठी एक ताटली ठेवून गोल काढा, मग तीच ताटली थोडी सरकवून दुसरी रेघ मारा. कापड कापताना चहूबाजूंनी अर्धा सें.मी. जास्त ठेवा. तेवढी कड आत दुमडून तुरपाई करायची असते. चांदाच्या आतल्या गोलाईवर कडेला बारीक काप दिले की कापड नीट वळतं. होडीला मुलांना स्वतः धावदोरा घालू द्या. टाके वाकडे आले तरी उसवू नका.

मग दोन्ही तुकडे सुलट बाजू समोरासमोर ठेवून तीन बाजू शिवा आणि उलटवा. वरची उघडी बाजू 5 सें.मी. मागे दुमडून शिवा, त्यात काठी सरकवा आणि दोन खिळ्यांवर टेकवा. लोंबती दोरी पलंगाजवळ ठेवू नका, गळ्यात अडकण्याची भीती असते. घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर बटणं, मणी लावू नका. पावसाळ्यात भिंतीला ओल येते, तेव्हा काढून ऊन दाखवा.

तुकड्यांच्या कामाला कमी लेखू नये. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी बायका जुन्या कपड्यांच्या ‘कवंदी’ नावाच्या गोधड्या शिवतात. त्यांच्या चारही कोपऱ्यांवर घडी घातलेल्या तुकड्यांचे ‘फुला’ असतात. आम्हीही खालच्या दोन कोपऱ्यांत तसे लावून पाहिले. धाकटीचा जरा तिरका बसलाय.

कपड्यांची गाठोडी द्यायला निघालो तेव्हा एक तिनं स्वतः उचललं. दिवा अजून कधी कधी चालू ठेवायला सांगते. मी ठेवते. वर्गातही पाहते, जवळचं माणूस गेलेल्या मुलाला “विसर आता” म्हणून काही होत नाही. त्याला काहीतरी धरून ठेवायला हवं असतं, आणि बाकीचं सोडायला थोडा वेळ.