दान नव्हे, देणे!

पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुक हे गाव विनोबाजी भावे यांचे जन्मस्थान म्हणून महाराष्ट्रास ठाऊक आहे. ११ सप्टेंबर १८९५ रोजी येथे जन्मलेल्या विनोबांनी १९५१ साली भूदानाचा उपक्रम आरंभिला, तेव्हा ते जमीनदारांच्या दारी भिक्षेकरी म्हणून गेले नाहीत. घरात पाच पुत्र असतील तर मला सहावा समजा व माझा वाटा द्या, अशी त्यांची मागणी होती. दान म्हणजे उपकार नव्हे, न्याय्य वाटणी होय, हे त्यातील मर्म. त्याच गागोद्यातील एखाद्या निर्धन कुळास किंवा पेण तालुक्यातील एखाद्या कातकरी मजुरास आज प्राणांतिक दुखणे जडले, तर मुंबई-पुण्याच्या धर्मादाय रुग्णालयाच्या दारी तो कोणत्या नात्याने उभा राहतो, याचक की वाटेकरी? या प्रश्नाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

कायद्याचे उत्तर निःसंदिग्ध आहे. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यात १९८५ साली ४१ कक हे कलम घालण्यात आले. पुढे २००६ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्याच्या अंमलबजावणीची योजनाच ठरवून दिली. तदनुसार प्रत्येक धर्मादाय रुग्णालयाने दहा टक्के खाटा निर्धनांस विनामूल्य व आणखी दहा टक्के दुर्बल घटकांस सवलतीने द्यावयाच्या आहेत. त्यासाठी इतर रुग्णांच्या देयकांतून दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची आहे. निर्धनासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा आता १,८०,००० रुपये व दुर्बल घटकासाठी ३,६०,००० रुपये आहे. राज्यात अशी चारशेहून अधिक रुग्णालये आहेत.

आता हे औदार्य कोणाचे? करांत सूट मिळते ती सरकारी तिजोरीतून, म्हणजे रयतेच्या पैशांतून. कित्येकांस जमीन व बांधकामाची सवलतही लोकांच्याच मालमत्तेतून मिळालेली असते. निर्धन रुग्ण निधी भरतो तोही अन्य रुग्णांच्या देयकांतून. तेव्हा विश्वस्तांनी राखीव खाट दिली म्हणजे दान केले असे नव्हे. घेतलेल्या ऋणाची ती फेड होय. सर जमशेटजी जीजीभाई यांनी मुंबईच्या रुग्णालयासाठी पदरचे लाख रुपये दिले, ते खरे दान. लोकांकडून घेऊन लोकांस परत करणे हे देणे आहे, आणि देणे चुकविणाऱ्यास व्यवहारात काय म्हणतात हे सांगावयास नको.

एप्रिल २०२५ मध्ये पुण्याच्या दीनानाथ मंगेशकर रुग्णालयात अनामत रकमेच्या मागणीवरून मोठा लोकक्षोभ उसळला. त्यानंतर तातडीच्या रुग्णांकडून अनामत न घेण्याचे त्या रुग्णालयाने जाहीर केले. परंतु तातडीच्या रुग्णास तत्काळ दाखल करून घ्यावे व अनामत मागू नये, हे २००६ च्या योजनेतच नमूद आहे. जो नियम एकोणीस वर्षांपूर्वीचा, तो नवी घोषणा म्हणून ऐकावा लागावा, यापरते अंमलबजावणीचे दौर्बल्य कोणते?

कोणी म्हणेल, सरकारी विमा असता या खाटांची गरज काय? राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ साली ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत रायगड होता, आणि आज महात्मा जोतिबा फुले यांच्या नावे चालणाऱ्या त्याच योजनेची मर्यादा पाच लाखांची आहे, हे आम्ही जाणतो. पण विम्यास आजारांची यादी असते, रुग्णालयांचीही यादी असते. दुखणे मात्र यादी पाहून येत नाही. यादीबाहेर पडलेल्यासच राखीव खाटेचा खरा आधार. दुसरा आक्षेप असा की, यंत्रे महाग झाली, दोन टक्के पुरत नाहीत. ही अडचण खरी असू शकेल. मग निधीचा जमाखर्च चव्हाट्यावर मांडा. तूट दिसली तर सरकारने हात द्यावा असे आम्हीच म्हणू. मात्र झाकलेल्या हिशेबावर कोणी विश्वास ठेवावा?

अमेरिकेत करमुक्त रुग्णालयांनी दर तीन वर्षांनी आपल्या परिसराची आरोग्यविषयक गरज तपासावी, असे २०१० च्या कायद्याने बंधन घातले. आमच्या कायद्याने खाटा मोजल्या; त्या खाटेपर्यंत रुग्ण कसा पोचावा हे पाहणारा कोणी नाही. गागोद्याच्या माणसास संकेतस्थळावरील रिकाम्या खाटांचा आकडा काय कामाचा? तहसीलदाराच्या दाखल्यासाठी नातलगाने पेणेस परतावे आणि तोवर रुग्णाने श्वास मोजीत पडावे, हा न्याय नव्हे.

आमची मागणी साधी आहे. पेण, रोहे, अलिबाग येथील सरकारी डॉक्टरने रुग्ण पुढे पाठविताना धर्मादाय खाट निश्चित करूनच पाठवावा. उपचार आधी, कागद मागून. रिकाम्या खाटा व शिल्लक निधी यांचा फलक रोज मराठीत रुग्णालयाच्या दारावर लागावा. धर्मादाय आयुक्तांनी तक्रारीची वाट न पाहता तपासणी करावी. आणि ग्रामपंचायतींनी हे नियम ग्रामसभेत वाचून दाखवावेत; कारण आपले येणे आहे हे ज्यास ठाऊकच नाही, तो ते मागणार तरी कसे?