तिसरी तुकडी आणि इंजेक्शनची सुई

वाचकहो, आपल्या धाराशिव जिल्ह्यात खेळाच्या शौकिनांचे दोन वाद कधी मिटत नाहीत. संध्याकाळी मैदानाच्या कडेला, एस. टी. स्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर किंवा लग्नाच्या पंगतीला चार माणसे जमली, की त्यातला एक तरी निघतोच.

पहिला वाद खो-खोचा. आपल्या संघाची पहिली तुकडी दमदार आहे, पण तिसऱ्या तुकडीचे काय? दुसरा वाद इंजेक्शनचा. अमक्याचा पोरगा तीन महिन्यांत एवढा फुगला कसा? भरतीच्या मैदानावर त्याला कुणी काय टोचले? एक गट म्हणतो, घेतले असेल, सगळेच घेतात. दुसरा म्हणतो, असल्या पोराला मैदानावर पाय ठेवू देऊ नका. मग आवाज चढतात आणि चहा गार होतो.

आम्हाला विचाराल तर हे दोन वाद नाहीतच. हा एकच वाद आहे. तो कसा, हेच आज सांगायचे आहे.

आधी खो-खो. ज्या आयाबहिणींनी मैदान जवळून पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे खुलासेवार सांगतो. पाठलाग करणाऱ्या बाजूचे नऊ जण मैदानात असतात. आठ पाटीवर बसलेले, एक धावणारा. समोरचे संरक्षक मात्र एकदम उतरत नाहीत. ते तिघातिघांच्या तुकडीने येतात. पहिले तिघे बाद झाले की दुसरे तिघे, ते बाद झाले की तिसरे. आता हिशेब करा. पुरुषांच्या जुन्या पद्धतीच्या सामन्यात एक पाळी ९ मिनिटांची. पहिल्या तुकडीने साडेचार मिनिटे काढली की गावभर त्यांचे नाव होते. पण उरलेली साडेचार मिनिटे कुणी काढायची? तिथे दुसरी आणि तिसरी तुकडी लागते. पहिली तुकडी टाळ्या मिळवते, सामना पुष्कळदा तिसरी तुकडी वाचवते.

२०२५ च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८ विरुद्ध ४० असे हरवले. पुरुषांनीही नेपाळलाच ५४ विरुद्ध ३६ असे हरवून चषक घेतला. दोन्ही संघांचे नेतृत्व महाराष्ट्राकडे होते, प्रियंका इंगळे आणि प्रतीक वाईकर यांच्याकडे. मुलींच्या त्या १५ जणींच्या संघात आपल्या धाराशिवची अश्विनी शिंदे होती. पंधराजणींचा संघ कशासाठी निवडतात? एकटीच्या पायावर स्पर्धा जिंकता येत नाही म्हणूनच ना!

अश्विनीच्या आधी सारिका काळे होती. २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताच्या मुलींनी सुवर्णपदक घेतले, तेव्हा संघाची कर्णधार आपल्या जिल्ह्याची ही लेक होती. २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. त्या वेळी तिने स्वतः सांगितले होते, की जवळजवळ दहा वर्षे घरी दिवसाकाठी एकच वेळचे जेवण मिळत असे. वाचकहो, हे वाक्य पुन्हा एकदा वाचा. एका वेळच्या जेवणावर जी पोरगी भारताची कर्णधार झाली, तिच्यासारख्या आणखी किती पोरी दुसऱ्या वेळची भाकर न मिळाल्याने मैदानाबाहेर राहिल्या असतील?

आपली तिसरी तुकडी कुठे आहे, हे शौकिनांनी विचारायचे आहे ना? ती ऊसतोडीच्या फडावर आहे. दिवाळीनंतर आईबापाबरोबर गाडीवर बसून गेली ती उन्हाळ्याच्या तोंडावरच परतते. ती घरी धाकट्या भावंडाला सांभाळत बसली आहे. तिचे लग्न सोळाव्या वर्षी ठरवून टाकले आहे. उरलेल्यांतल्या ज्या चांगल्या खेळतात, त्यातल्या काही रेल्वेत नोकरी मिळाली की रेल्वेकडून खेळतात. त्यावर आपले शौकीन चिडतात. आम्ही चिडत नाही. पोटाला लागलेली पोर नोकरी सोडून आपल्या टाळ्यांसाठी का राहील?

आता दुसऱ्या वादाकडे वळू. इंजेक्शन.

आधी एक गैरसमज दूर करू. दमा वाढल्यावर किंवा अंगावर पित्त उठल्यावर डॉक्टर जे स्टेरॉईड देतात ते वेगळे. ते औषध आहे, त्याला घाबरून बंद करू नका. तालमीत आणि जिममध्ये ज्याची कुजबुज असते ते पुरुषी संप्रेरकाच्या जातीचे स्टेरॉईड. त्याने स्नायू भराभर वाढतात, हे खरे आहे. पण त्याची किंमतही शरीरच मोजते. यकृत बिघडते, रक्तदाब चढतो, हृदयाला इजा होते, स्वभाव तापट होतो. पोराची बाप होण्याची ताकद कमी होते. वाढत्या वयात घेतले तर उंची खुंटते. मुलींचा आवाज घोगरा होतो, तोंडावर केस येतात, आणि घोगरा झालेला आवाज पुष्कळदा पुन्हा पहिल्यासारखा होत नाही.

दुसरा प्रकार मेफेन्टरमाईनच्या इंजेक्शनचा. हे स्टेरॉईड नव्हे. शस्त्रक्रियेच्या वेळी रोग्याचा रक्तदाब फार खाली गेला तर तो वर आणण्यासाठी ते डॉक्टरांच्या हाती असते. जिममध्ये आणि भरतीच्या तयारीत त्याचा गैरवापर होतो. पळताना हृदय आधीच जोरात चालू असते, त्यावर हे टोचले तर काय होईल ते सांगायला डॉक्टर लागत नाही.

शौकीन मंडळी म्हणतात, पकडले तर बघू. पकडले म्हणजे काय होते त्याचे उदाहरण आपल्याच राज्यातले आहे. मुंबईत दूध विकणाऱ्या बापाचा मुलगा नरसिंग यादव. २०११, २०१२ आणि २०१३ असा सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी. २०१५ च्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवून त्याने ७४ किलो गटात भारतासाठी रिओ ऑलिम्पिकची जागा मिळवली. त्याच जागेसाठी सुशील कुमार न्यायालयात गेला, तेव्हा गावोगावच्या तालमी दोन गटांत वाटल्या गेल्या. मग २०१६ साली नरसिंगच्या लघवीच्या नमुन्यात मेथेंडिएनोन हे स्टेरॉईड सापडले. त्याचे म्हणणे, माझ्या खाण्यापिण्यात कुणीतरी कालवले. देशातल्या नाडा या संस्थेच्या समितीने ते मान्य करून १ ऑगस्टला त्याला मोकळे केले. पण जागतिक संस्था आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाकडे गेली. लवादाला कालवाकालवीचा पुरावा पुरेसा वाटला नाही. १८ ऑगस्ट २०१६ रोजी, कुस्तीच्या आदल्या दिवशी, चार वर्षांची बंदी आली. पैलवान रिओत पोहोचला होता, आखाड्यात उतरला नाही.

त्याने घेतले की त्याला दिले, यावर आजही वाद घालणारे भेटतात. २०२३ च्या नोव्हेंबरात धाराशिवला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली, तेव्हापासून कुस्तीच्या गप्पांना आपल्याकडे आणखी जोर आहे. आम्ही त्या वादात पडत नाही. आम्ही फक्त नियम सांगतो. शरीरात सापडले की जबाबदारी खेळाडूची. कुणी कालवले असे म्हणून भागत नाही, ते शाबीत करावे लागते. गरिबाच्या पोराकडे शाबीत करायला वकील कुठून येणार? म्हणून आपल्या पोरांनी इतरांपेक्षा दुप्पट सावध राहिले पाहिजे.

हा रोग आपल्या मातीतलाच आहे असे समजू नका. अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ आहे. आपल्या क्रिकेटमध्ये गोलंदाज असतो तसा त्यात चेंडूफेक्या असतो. त्याचा खांदा आणि कोपर फार झिजतो, म्हणून कोणत्या संघाकडे किती चेंडूफेके राखीव आहेत यावर तिथले शौकीन आपल्यासारखेच रात्र रात्र भांडतात. त्याच खेळात १९९८ साली मार्क मॅग्वायरने एका मोसमात ७० वेळा चेंडू मैदानाबाहेर टोलवून विक्रम केला. देश वेडा झाला. २०१० साली त्यानेच कबूल केले की स्टेरॉईड घेत होतो. मधल्या काळात, २००७ च्या डिसेंबरात, मिचेल नावाच्या माजी सिनेटरने चौकशीचा अहवाल दिला, त्यात ८९ खेळाडूंची नावे होती. त्यातला अँडी पेटिट हा नावाजलेला चेंडूफेक्या. त्याने सांगितले, की २००२ साली कोपर दुखावले होते, संघाकडे लवकर परतणे आपले कर्तव्य वाटले, म्हणून वाढीचे संप्रेरक टोचून घेतले.

आता बघा, दोन वाद एक कसे होतात. संघात जागा भरून काढणारा माणूस नाही असे ज्याला वाटते, तो दुखरे कोपर घेऊन सुईकडे वळतो. तिथे करोडो डॉलरचा खेळाडू होता. आपल्याकडे कोण असतो? घरातला एकुलता शिकलेला पोरगा. बापाची एक एकर कोरडवाहू, किंवा तीही नाही. बहिणीचे लग्न त्याच्या नोकरीवर अडलेले. पोलीस भरतीत मैदानी परीक्षेचे ५० गुण, त्यातले २० फक्त १६०० मीटर धावण्याला. वय निघून चालले आहे. त्या घराला दुसरी तुकडी नाही, तिसरी नाही. सगळी पाळी एकट्याने काढायची आहे. अशा पोराच्या कानात कुणी सांगितले, एक सुई घे आणि पाच सेकंद वाचव, तर त्याचा हात पुढे होतो. त्याला शिव्या देणे सोपे आहे. त्याच्यावर एवढे ओझे कुणी टाकले, हे विचारणे अवघड आहे.

पण म्हणून आम्ही त्याला माफीही देत नाही. कारण त्या पाच सेकंदांनी जो मागे पडला, तोही कुणा सावकाराचा मुलगा नव्हता. तोही पहाटे चारला उठून, कालच्या भाकरीवर, फाटक्या बुटांनी डांबरी सडकेवर पळालेला असतो. सुई घेणारा गरिबाचीच जागा चोरतो, श्रीमंताची नाही. खेळाडूंसाठी सरकारी नोकरीत ५ टक्के जागा राखीव आहेत. त्या जागाही अशाच कुणाच्या तरी घामाच्या आहेत.

आणि सगळेच घेतात, हे म्हणणे सोडून द्या. २०२३ साली नाडाने ५,६०६ नमुने तपासले, त्यात २१३ मध्ये बंदी असलेली द्रव्ये सापडली. हे प्रमाण मान खाली घालायला लावणारे आहे यात शंका नाही, मोठ्या देशांत आपण त्या वर्षी सर्वांत वाईट ठरलो. काही जण सुटलेही असतील. तरी शंभरातले शहाण्णव नमुने स्वच्छ निघाले. सगळेच घेतात म्हटले की त्या शहाण्णवांचा अपमान होतो, आणि सुई विकणाऱ्याचा धंदा वाढतो.

इथे पळवणकर बाळूंची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. चर्मकार घरात जन्मलेला हा माणूस पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात मैदान राखायचा. तिथल्या फलंदाजांना सरावासाठी तासन् तास चेंडू टाकायचा. त्याला फलंदाजी कुणी दिली नाही, आणि हिंदूंच्या संघातून खेळतानाही चहा वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळायचा. पण त्या चेंडू टाकण्यातूनच डाव्या हाताला अशी फिरकी आली, की १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. पुढे १९३७ च्या निवडणुकीत ते बाबासाहेबांच्या विरुद्ध उभे राहिले आणि पडले, तो इतिहास वेगळा. त्यांच्या हातातली कला मात्र रोजच्या कष्टाची होती. ज्यांचा स्पर्श चालत नव्हता, त्यांचा चेंडू खेळता येत नव्हता!

आता घराघरात काय करायचे ते सांगतो. पोर खेळत असेल किंवा भरतीची तयारी करत असेल, तर कोणत्याही डॉक्टरकडे गेल्यावर मी खेळाडू आहे, हे आधी सांगायला शिकवा. औषधाची चिठ्ठी जपून ठेवा. जिमवाल्याने दिलेली पावडर, बिनलेबलाची गोळी घरात येऊ देऊ नका, डब्यावर लिहिलेले सगळे खरे असतेच असे नाही. शेंगदाणे, गूळ, भिजवलेले हरभरे, अंडी, डाळ आणि ज्वारीची भाकरी यांनी पोर हळू वाढते, पण टिकते. पिशवीत सुई दिसली तर मारू नका, जवळ बसवून विचारा. आणि त्याला एकदा तोंडाने सांगा, यंदा भरती नाही झाली तरी तू आमचाच आहेस. हे वाक्य पुष्कळ घरांत कधीच बोलले जात नाही.

शौकिनांनाही एक विनंती. संघाच्या तिसऱ्या तुकडीवर भांडायचे तर खुशाल भांडा. पण भांडण संपल्यावर आपल्या वस्तीतल्या दोन पोरींना संध्याकाळी मैदानावर पोहोचवा. ऊसतोडीला जाणाऱ्या घराची पोर सहा महिने कुणाकडे राहून शाळा आणि सराव करू शकेल ते बघा. तालुक्याच्या स्पर्धेला जाणाऱ्या बाराव्या, तेराव्या खेळाडूच्या एस. टी.च्या तिकिटाला हातभार लावा. नाव पहिल्या तिघींचे होईल, होऊ द्या. पंधराव्या पोरीला दुसऱ्या वेळची भाकरी मिळाली, म्हणजे पहिलीला सुईची गरज उरत नाही.