पट्टीचा रंग येतो कुठून?

अमुक पट्टी करुण, तमुक पट्टी तेजस्वी, असे पाश्चात्त्य संगीताविषयी अनेकदा वाचायला मिळते. माझ्या मते ही समजूत जशीच्या तशी स्वीकारू नये आणि हसून टाकूनही देऊ नये. आधी वाद्य कोणते ते विचारावे.

पेटीवर पट्टी बदलली तरी स्वरांची परस्पर गुणोत्तरे तीच राहतात; चाल फक्त वर किंवा खाली सरकते. क्लॅरिओनेटचे तसे नाही. आमच्या विश्रांतवाडीत वरातीच्या बँडमध्ये वाजणारी ती काळी नळी पाहा. तिचा व्यास बराचसा सारखा आणि तोंडाकडचे टोक ध्वनीच्या दृष्टीने बंद. म्हणजे प्रयोगशाळेतील अनुनाद नळीच! अशा नळीत मूळ कंप्रतेच्या 3, 5, 7 अशा विषम पटींतील संनादी प्रबळ असतात. शंकूच्या आकाराच्या सनईत सर्व संनादी येतात. म्हणून दोघींच्या नादाची जात निराळी.

आता गंमत पाहा. नेहमीच्या, म्हणजे काळी पाचच्या क्लॅरिओनेटचा सर्वांत खालचा स्वर सुमारे 147 हर्ट्झचा. छिद्रे तशीच बंद ठेवून वरच्या स्वरांची चावी दाबली की तिप्पट कंप्रतेचा, सुमारे 440 हर्ट्झचा स्वर मिळतो. ही झाली पांढरी सहा. तिच्या लगतची काळी चार मात्र जवळजवळ सर्व छिद्रे उघडून, आखूड वायुस्तंभातून काढावी लागते. ती दबकी येते. स्वर शेजारी, पण एक पूर्ण नळीचा, दुसरा आखूड नळीचा! चालीतील मुक्कामाचा स्वर यांपैकी कोठे पडेल, हे पट्टीवर ठरते. जाणता संगीतकार पट्टी निवडतो तेव्हा हेही पाहतो.

दुसरे कारण बोटांचे. वाद्यवृंदात काळी पाचची आणि पांढरी सहाची अशा दोन क्लॅरिओनेट वापरतात. मोत्झार्टने 1791 मध्ये आपला प्रसिद्ध कॉन्चेर्टो पांढरी सहाच्या वाद्यासाठी लिहिला. त्या पट्टीत हे वाद्य सहज चालते. दुसऱ्यावर बोटांची ओढाताण होते.

तात्पर्य, रंग पट्टीच्या नावात नसून नळीत आहे.

शिक्षकांना एक विनंती. अनुनाद नळीचा प्रयोग ध्वनीचा वेग काढून संपतो आणि नळी कपाटात जाते. एखाद्या बँडवाल्या कलावंताला सन्मानाने शाळेत बोलवावे. एकच चाल दोन पट्ट्यांत, आधी पेटीवर, मग क्लॅरिओनेटवर वाजवून घ्यावी. विद्यार्थ्यांनी पाठ फिरवून, कोणती उजळ वाटली ते आपापल्या वहीत लिहावे. ऐकीव मतापेक्षा ती वही अधिक मोलाची ठरेल.