कॅमेरा सगळं बघतो, पण 'थांबा' कोण म्हणालं?

२ फेब्रुवारी २०२५. अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीची गादी विभागातली अंतिम कुस्ती. पंचांनी पृथ्वीराज मोहोळला चितपटीवर विजयी दिलं. माझे खांदे टेकलेच नाहीत, रिप्ले दाखवा, असं शिवराज राक्षेचं म्हणणं होतं. पुढे त्याने पंचांना लाथ मारली आणि त्याच्यावर तीन वर्षांची बंदी आली. ती क्लिप राजापुरात आमच्या प्रत्येक ग्रुपवर फिरली. वाद एकच होता: खांदे टेकले की नाही?

लाथेचं समर्थन होऊच शकत नाही. पण त्या वादात एक दुसरा प्रश्न हरवला. रिप्लेची मागणी कोणी करायची, कधी करायची, आणि ती ऐकलीच पाहिजे असं बंधन कोणावर आहे? जागतिक कुस्तीच्या नियमांत चितपटीवर चॅलेंज घेता येत नाही, कारण चितपट देतानाच पंचाला दुसऱ्या अधिकाऱ्याची संमती लागते. म्हणजे कॅमेरा कितीही चांगला असला तरी मागणीचं दारच बंद.

बास्केटबॉलचा टाइमआऊट

ही 'मागणी'ची भानगड सगळ्यात स्पष्ट दिसते ती बास्केटबॉलमध्ये. एनबीएत मैदानावरचा खेळाडूसुद्धा टाइमआऊट मागू शकतो, पण चेंडू त्याच्या टीमच्या ताब्यात असेल किंवा खेळ थांबलेला असेल तरच. आता विचार करा, दोघं चेंडूवर झोंबतायत आणि एक जण ओरडतो, "टाइमआऊट!" त्या क्षणी चेंडू कोणाकडे होता? पंचाची नजर चेंडूवर, मागणी कानावर. दोन्ही जुळवायचं, तेही निमिषात.

१८ जून २००६ चा सामना बघा. एनबीए फायनलचा पाचवा सामना, मायामी विरुद्ध डॅलस. ओव्हरटाइममध्ये १.९ सेकंद उरलेले. मायामीच्या ड्वेन वेडने पहिला फ्री थ्रो टाकून बरोबरी केली. डॅलसच्या जॉश हॉवर्डने हाताने खूण केली आणि पंचांनी लगेच टाइमआऊट दिला. डॅलसचं म्हणणं होतं की तो दुसऱ्या थ्रोनंतर हवा होता, म्हणजे चेंडू थेट पुढच्या भागातून खेळता आला असता. पंचांचं म्हणणं, त्याने दोनदा मागितला. हा शेवटचाच टाइमआऊट होता. वेडचा दुसरा थ्रोही गेला, डॅलसला लांबून चेंडू भिरकवावा लागला, आणि मायामी १०१-१०० ने जिंकली.

इथे रिप्ले काय करणार? हात हलला हे दिसेल. 'आत्ता' की 'नंतर', हे फ्रेममध्ये दिसत नाही.

टेक्नॉलॉजी कुठे थांबते

एनबीएत पंचाच्या कमरेला एक छोटं यंत्र असतं. मायक्रोफोन शिट्टी ओळखतो आणि घड्याळ आपोआप थांबतं. टेबलावरच्या माणसाने बटण दाबेपर्यंतचा वेळ वाचतो. भारी आहे ना? पण घड्याळ शिट्टीवर थांबतं, मागणीवर नाही. मागणी ऐकणं, ती वैध आहे का ते ठरवणं आणि शिट्टी तोंडात फुंकणं, यात गेलेले दशांश सेकंद माणसाचेच.

म्हणून काही ठिकाणी यंत्र न वाढवता नियमच बदलला. फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नियमांत खेळाडूला टाइमआऊट मागताच येत नाही. फक्त प्रशिक्षक किंवा सहायक प्रशिक्षक टेबलावरच्या स्कोअररकडे मागतो, आणि तो चालू खेळात मिळत नाही. खेळ थांबला किंवा समोरच्याने बास्केट केली, तरच. अमेरिकेच्या पुरुष कॉलेज बास्केटबॉलमध्येही २०१५-१६ पासून २०१८-१९ पर्यंत चेंडू खेळात असताना प्रशिक्षकाला टाइमआऊट मागता येत नव्हता. 'कोणाचा ताबा होता' हा प्रश्नच बराचसा संपला.

याची किंमतही आहे. अडकलेल्या खेळाडूची सुटका जाते, आणि शेवटच्या सेकंदांचा थरारही थोडा कमी होतो. तरी मला फिबाचा रस्ता पटतो. पंचाला जे बघणं अशक्य आहे, ते त्याच्याकडून मागायचंच कशाला?

मग आपण काय करायचं?

राजापूर तालुक्यात कबड्डीच्या रात्रीच्या स्पर्धांना प्रत्येकाच्या हातात मोबाइल असतो. साधा व्हिडिओ सेकंदाला ३० फ्रेमचा, म्हणजे दोन फ्रेममध्ये सुमारे ३३ मिलिसेकंदांचं अंतर. २४० फ्रेमच्या स्लो-मोमध्ये ते सुमारे ४ मिलिसेकंदांवर येतं. रेषेवरचा पाय बघायला हे उपयोगाचं. पण क्लिप पंचांच्या तोंडासमोर धरण्याआधी मंडळांनी तीन गोष्टी सामन्यापूर्वीच जाहीर कराव्यात:

- दाद फक्त कर्णधार मागेल.
- ती पुढची चढाई सुरू होण्याआधी, टेबलाकडेच मागायची.
- कुठला मोबाइल ग्राह्य धरायचा ते आधी ठरेल. तो स्टँडवर असेल, आणि फ्रेममध्ये घड्याळही दिसेल.

यातल्या पहिल्या दोन गोष्टींना एक रुपयाही लागत नाही. तिसरीला एक स्टँड लागतो. अहिल्यानगरला कॅमेऱ्यांची वानवा नव्हती. "मला दाखवा" असं म्हणणाऱ्याला जायला रस्ता नव्हता. तो नसला की माणूस आधी आवाज चढवतो, मग हात उचलतो. पुढच्या वेळी कुठली क्लिप फॉरवर्ड करताना "पंच विकला गेला" असं लिहायच्या आधी एवढंच विचारा: मागणी कोणी केली, कधी केली, आणि नियमाने ती करता येत होती का?