आधी जावास्क्रिप्ट की टाइपस्क्रिप्ट?

अंबाजोगाईत आमच्या विहारात रविवारी जमणाऱ्या मुलांमध्ये सध्या एकच वाद आहे. पुण्याहून सुट्टीला आलेला कुणीतरी सांगतो, "जावास्क्रिप्ट जुनी झाली, कंपन्या टाइपस्क्रिप्ट मागतात." की झाला चालू अभ्यास बंद! बी.एस्सी. झालेल्या एका मुलीने अशी तीनदा सुरुवात केली आणि तिन्ही वेळा पहिल्या धड्यावरच थांबली. ज्या घरात एक तरी इंजिनिअर आहे तिथे हा प्रश्न चहा संपेपर्यंत सुटतो. आपल्या घरात विचारायलाच कुणी नाही, म्हणून तो सहा महिने खातो. समाजशास्त्र याला सांस्कृतिक भांडवलाचा अभाव म्हणते.

आम्ही समाजकार्यातले, मुलांसोबत बसूनच थोडेफार शिकलो. तरी ठाम सांगतो : आधी जावास्क्रिप्ट.

मुळात या दोन सवती नाहीत. 1995 साली ब्रेंडन आइक यांनी नेटस्केपमध्ये अवघ्या दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला आराखडा उभा केला. 2012 मध्ये मायक्रोसॉफ्टने तिच्यावरच टाइपस्क्रिप्ट रचली. ब्राउझरला टाइपस्क्रिप्ट कळत नाही. तिचे प्रकार गाळून शेवटी जावास्क्रिप्टच चालते.

मग टाइपस्क्रिप्ट हवी कशाला? समजा, शिष्यवृत्तीच्या अर्जात वडिलांचे उत्पन्न 45000 आणि आईचे 30000 भरले. चौकटीतून आलेला आकडा जावास्क्रिप्टला मजकूर वाटतो. अधिक चिन्ह दिले की ती बेरीज न करता दोन्ही जोडते : 4500030000. मजुराचे घर एका ओळीत साडेचारशे कोटींचे! मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची मर्यादा अडीच लाखांची, पोरगी बाद. 'एकूण ही संख्याच असेल' असे लिहून ठेवले असते, तर टाइपस्क्रिप्टने ही चूक लिहितानाच पकडली असती. पहिल्यापासून तीच शिका म्हणणाऱ्यांचा हा मुद्दा खरा आहे, आणि मोठ्या कामात तर फारच खरा.

पण त्याच चौकटीत कुणी 'तीस हजार' असे अक्षरात लिहिले तर? तेव्हा टाइपस्क्रिप्ट तिथे नसतेच, ती आधीच गळून गेलेली असते. ते तपासणे जावास्क्रिप्टनेच करावे लागते. पाया ठाऊक नसलेला माणूस तिथे अडकतो. शिवाय जावास्क्रिप्टला नोटपॅड आणि ब्राउझर पुरतो, जुना लॅपटॉपही चालतो. टाइपस्क्रिप्ट आपल्या मशीनवर चालवायची तर आधी नोड, मग कंपायलर, मग सेटिंगची फाईल. नवख्याचा पहिला आठवडा त्यातच जातो, आणि चूक आपली की सेटिंगची हेही कळत नाही.

मात्र जावास्क्रिप्टवर वर्षभर रेंगाळू नका. फंक्शन, अ‍ॅरे, ऑब्जेक्ट हातात बसले आणि एक छोटा अर्ज स्वतः लिहून झाला, की त्याच फाईलचे नाव डॉट जेएसचे डॉट टीएस करा आणि लाल रेघा वाचा. त्यासाठी दुसऱ्या क्लासची फी भरू नका.

त्या मुलीने उत्पन्नाच्या बेरजेचा अर्ज परवा पूर्ण केला. येत्या रविवारी तिच्या फाईलचे नाव बदलू.